वॉटरफ्लडनंतर अडकलेलं तेल नॅनोपार्टिकलनी खरंच निघतं का? पेपरमधले १०-१५ टक्के फील्डमधे का दिसत नाहीत?

सच्छिद्र :

नमस्कार मंडळी, मी पेट्रोलियम इंजिनिअरिंगमधे मास्टर्स करतेय आणि प्रोजेक्टला नॅनोफ्लुइड ईओआर (एनहान्स्ड ऑइल रिकव्हरी) हा विषय मिळालाय. म्हणजे सिलिकाचे नॅनोपार्टिकल पाण्यात मिसळून रिझर्व्हॉयरमधे (जमिनीखालच्या तेल असलेल्या दगडात) सोडायचे आणि वॉटरफ्लड करूनही, म्हणजे पाण्याने तेल ढकलूनही, आत राहिलेलं तेल बाहेर काढायचं. विषय मला मनापासून आवडलाय पण वाचायला बसल्यापासून डोकं भणभणलंय कारण प्रत्येक पेपरमधे जास्तीचं तेल निघतंच, कुणाला ५ टक्के कुणाला १० कुणाला १५, आणि का निघालं विचारलं तर प्रत्येकाचं कारण वेगळं. एक म्हणतो इंटरफेशियल टेन्शन (आयएफटी, तेल-पाण्याच्या सीमेवरचा ताण) कमी झालं, दुसरा म्हणतो दगडाची वेटेबिलिटी (भिंतीला पाणी जास्त चिकटतं की तेल) बदलली, तिसरा स्ट्रक्चरल डिसजॉइनिंग प्रेशरवर (कण थेंबाखाली घुसून त्याला भिंतीवरून उचलतात) सगळं ढकलतो, चौथा म्हणतो लॉग-जॅमिंग, म्हणजे कण अरुंद वाटेत अडकणं. चारही एकाच वेळी खरं असू शकतं का? आणि एवढं चांगलं चालत असेल तर मोठ्या फील्डमधे हे सर्रास का नाही? पॉलिमर फ्लडिंग (पाणी पॉलिमरने घट्ट करून सोडणं) बघा ना, चीनमधे दाचिंगला १९९०च्या दशकापासून चालू आहे, राजस्थानात मंगला फील्डला चालू आहे, पण अख्ख्या फील्डमधे नॅनोफ्लुइड सोडलंय असं काही माझ्या वाचनात आलं नाही.

माझा प्लॅन सांगते म्हणजे तुम्हाला चुका काढता येतील. बेरिया सॅंडस्टोनचा (वाळूचा दगड) कोअर, म्हणजे दगडाचा दंडगोल तुकडा, दीड इंच व्यास, ३ इंच लांबी, तेल म्हणून मिनरल ऑइल, आधी ब्राइनने (मिठाच्या पाण्याने) फ्लड, मग तयार मिळणारं कोलॉइडल सिलिका, साधारण २० नॅनोमीटरचे कण, डिस्टिल्ड वॉटरमधे ०.०५ टक्के करून. जास्तीचं तेल किती निघालं ते मोजायचं. एवढ्यावरून मेकॅनिझम सांगता येईल का? जाणकारांनी जरा मनावर घेऊन सांगा, गाईडसमोर जायच्या आधी मला स्वतःला पटलं पाहिजे.

---

दगडातलं_पाणी :

प्रश्न नेमका विचारलायस. पण कणांकडे जायच्या आधी तेल अडकतं कुठे आणि किती जोरात ते आकड्यात बघ, मग निम्मे दावे तुझे तुलाच तपासता येतील.

वॉटरफ्लडनंतर वॉटर-वेट (ज्याला तेलापेक्षा पाणी जास्त चिकटतं अशा) दगडात तेल सलग राहत नाही, त्याचे तुकडे होतात आणि ते पोअरमधे (दगडातल्या सूक्ष्म छिद्रांत) थेंब थेंब होऊन बसतात. असा एक थेंब डोळ्यासमोर आण. समोर १ मायक्रॉन त्रिज्येचा पोअर थ्रोट (दोन छिद्रांमधली अरुंद वाट) आहे, थेंबाला त्यातून पुढे जायचंय, पण जायचं तर आधी स्वतःला दाबून तेवढं बारीक व्हावं लागतं. त्याला लागणारं कॅपिलरी प्रेशर म्हणजे टेन्शनच्या दुप्पट भागिले त्रिज्या. टेन्शन २५ मिलिन्यूटन प्रति मीटर धर, तर उत्तर येतं ५०,००० पास्कल, म्हणजे अर्धा बार. आता मागून पाणी किती ढकलतंय ते बघ. रिझर्व्हॉयरमधे, विहिरीपासून लांब, दर फुटाला १ पीएसआय (दाबाचं एकक) एवढा ग्रेडियंट म्हणजे खूप झाला. थेंबाची लांबी १०० मायक्रॉन धरली तर तेवढ्या अंतरात मिळणारा फरक जेमतेम २ पास्कल. थेंबाच्या मागच्या टोकालाही वक्रता असते त्यामुळे अडथळा पूर्ण ५०,०००चा नसतो हे मान्य, तरी ताकदीत हजारो पटींचा फरक राहतोच. तेल अडकून राहतं ते ह्याच्यामुळे.

हेच कॅपिलरी नंबरच्या भाषेत सांगायचं तर विस्कॉसिटी गुणिले वेग भागिले टेन्शन. पाणी दिवसाला १ फूट सरकतंय असं धर, आकडा येतो दहाच्या उणे सातव्या घाताच्या आसपास. अडकलेलं तेल हलायला लागायला तो शंभर ते हजार पटीने वाढवावा लागतो. सर्फॅक्टंट (साबणासारखी रसायनं) हे करू शकतात कारण चांगलं फॉर्म्युलेशन टेन्शन थेट ०.००१ पर्यंत आणतं. साध्या सिलिका नॅनोपार्टिकलनी टेन्शन २५ चं १५ होतं, फार तर १० होतं. म्हणजे कॅपिलरी नंबर वाढला किती, दोन-अडीच पट. त्यामुळे ज्या पेपरमधे 'आयएफटी निम्मं झालं म्हणून १२ टक्के तेल जास्त निघालं' असं लिहिलेलं दिसेल तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढ, गणित जुळत नाही.

वेटेबिलिटीचं मात्र तसं नाही, तिथे मला खरंच दम वाटतो. कार्बोनेट रिझर्व्हॉयर बरेचदा ऑइल-वेट असतात, तेल भिंतीला चिकटून बसलेलं असतं, त्यात भेगा असल्या तर पाणी भेगांमधून सरळ निघून जातं आणि मॅट्रिक्समधलं (भेगांच्या मधल्या सलग दगडातलं) तेल जागच्या जागी. अशा दगडाची भिंत वॉटर-वेट झाली तर पाणी आपणहून आत शोषलं जातं आणि तेल भेगेत ढकलतं, बाहेरून जोर लावायची गरजच नाही. सिलिकाचे पाणी-प्रेमी कण भिंतीवर बसून हे करू शकतात आणि कॉन्टॅक्ट अँगलच्या (थेंब भिंतीशी करतो त्या कोनाच्या) मोजमापात ते दिसतं सुद्धा.

आणि इथेच तुझ्या प्लॅनमधली सगळ्यात मोठी अडचण आहे. स्वच्छ बेरिया मुळातच वॉटर-वेट. त्यात मिनरल ऑइल भरलंस, ज्यात अॅस्फाल्टीन (क्रूडमधले जड, चिकट घटक) नाहीत, अॅसिड नाहीत, तर तो वॉटर-वेटच राहणार. मग वेटेबिलिटी बदलली असं दाखवणार कशी? बदलायला काही शिल्लकच नाही. खरं क्रूड घे, कोअर त्यात रिझर्व्हॉयरच्या तापमानाला काही आठवडे एज कर (भिजत ठेव), अॅमॉट टेस्टने वेटेबिलिटी मोजून घे, मग नॅनोफ्लुइड सोड.

---

कोलॉइडवाली :

वरचं उत्तर फार छान आहे, मी केमिस्ट्रीच्या बाजूने भर घालते.

सच्छिद्र, तू डिस्टिल्ड वॉटर लिहिलंयस तिथेच मी थांबले. कण एकमेकांपासून लांब राहतात कारण सगळ्यांवर सारखाच चार्ज असतो, सिलिकावर निगेटिव्ह, आणि त्या चार्जचा प्रभाव पाण्यात ठरावीक अंतरापर्यंतच जाणवतो. ०.१ मोलर मिठाच्या पाण्यात हे अंतर १ नॅनोमीटरच्या आसपास, समुद्राच्या पाण्यात ०.४ च्या आसपास. रिझर्व्हॉयर ब्राइनमधे क्षार समुद्राच्या कित्येक पट असू शकतात, लिटरला दोन-दोनशे ग्रॅम, शिवाय कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, जे एकपट चार्जवाल्या सोडियमपेक्षा कितीतरी जास्त त्रास देतात. चार्जचं संरक्षण गेलं की कण एकमेकांना भिडतात आणि चिकटतात, आणि २० नॅनोमीटरचे कण चिकटून चिकटून १ मायक्रॉनचे गठ्ठे झाले की तू नॅनोफ्लुइड सोडत नसून गाळ सोडत असतेस. ड्रिलिंगवाल्यांचा जुना ठोकताळा आहे की कण पोअर थ्रोटच्या एक तृतीयांशापेक्षा मोठे असतील तर ते तोंडाशीच पूल बांधतात, एक तृतीयांश ते एक सप्तमांश असतील तर आत जाऊन बुजवतात, त्याहून बारीक असतील तरच पार होतात. बेरियाचे थ्रोट काही मायक्रॉनचे, २० नॅनोमीटरला तिथे रान मोकळं आहे, पण १ मायक्रॉनचा गठ्ठा नेमका बुजवणाऱ्या टप्प्यात येतो.

म्हणून कोअरला हात लावायच्या आधी साधी कुपी टेस्ट कर. तुझ्या ब्राइनमधे नॅनोफ्लुइड बनव, झाकण घट्ट लाव, रिझर्व्हॉयरच्या तापमानाला ओव्हनमधे ठेव आणि रोज उजेडासमोर धरून बघ. चांगलं डिस्पर्शन किंचित निळसर झाक असलेलं पारदर्शक दिसतं. दुधाळ झालं की गठ्ठे सुरू झाले, तळाशी पांढरा थर आला की ते फॉर्म्युलेशन सोडून द्यायचं. कधी कधी अख्खी कुपी जेल होऊन बसते, आडवी केली तरी हलत नाही. सोबत डीएलएसवर (प्रकाशाने कणांचा आकार मोजणाऱ्या यंत्रावर) साइज घेत राहा.

उपाय म्हणजे कणाच्या अंगावर पॉलिमर चढवणे, म्हणजे चार्ज नसला तरी त्या साखळ्या मधे आल्यामुळे कण जवळ येऊ शकत नाहीत. टेक्सस युनिव्हर्सिटी ऑस्टिनच्या लोकांनी ह्यावर सुरेख काम केलंय, सल्फोनेट गट असलेले कोपॉलिमर बसवलेले कण ८ टक्के मीठ आणि २ टक्के कॅल्शियम क्लोराइडच्या ब्राइनमधे ९० डिग्रीला टिकवून दाखवले. बरेच जण पीएच खाली आणून साधं सिलिका समुद्राच्या पाण्यात टिकवतात, तेही चालतं, पण दगड कार्बोनेट असेल तर तो अॅसिड खाऊन टाकतो आणि पीएच परत वर, त्यामुळे तिथे तो मार्ग बंद.

डिसजॉइनिंग प्रेशरबद्दल विचारलंयस. शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले वसन आणि निकोलोव ह्यांनी २००३ साली नेचरमधे दाखवलं की थेंब जिथे भिंतीला टेकतो त्या अरुंद कोपऱ्यात कण रांगा लावून बसतात आणि पाचर ठोकल्यासारखा थेंब भिंतीवरून उचलला जातो. सुंदर प्रयोग आहे, मूळ पेपर वाचच. पण एक लक्षात ठेव, रांगा लागायला कणांची गर्दी लागते आणि कण सगळे एकसारख्या आकाराचे लागतात. ईओआरवाले ०.०५ टक्के वापरतात, कणांचा आकार ५ ते ५० असा पसरलेला असतो, आणि तरी कारण म्हणून ह्याच पेपरकडे बोट दाखवतात. तेवढ्या पातळ द्रावणात रचना कितपत उभी राहते हे कुणी मोजून दाखवल्याशिवाय मी तरी ते कारण म्हणून लिहिणार नाही.

---

सच्छिद्र :

दोघांचेही खूप आभार, दोन्ही उत्तरं चार-चार वेळा वाचली. कुपी टेस्ट लगेच लावली, डिस्टिल्ड वॉटरमधली जशीच्या तशी आहे आणि कॅल्शियमवाल्या ब्राइनमधली ९० डिग्रीला एका रात्रीत दुधाळ झाली आणि खाली थर बसला. म्हणजे मी जे सोडणार होते ते रिझर्व्हॉयरमधे टिकलंच नसतं.

कोलॉइडवाली ताई, आता एक विचारते. लॉग-जॅमिंगवाले तर म्हणतात की कण थ्रोटपाशी अडकले तर फायदाच होतो, पाणी दुसऱ्या पोअरमधे वळतं आणि तिथलं तेल निघतं. मग बुजणं चांगलं की वाईट?

---

दगडातलं_पाणी :

मी मधेच बोलतो. थोडं बुजणं चांगलं असू शकतं, पॉलिमर आणि जेलवाले हेच तर मुद्दाम करतात, पाणी जिथून फुकट पळतंय ती वाट अडवायची. पण ते आपल्या हातात असायला हवं. नॉर्वेमधे ट्रॉनहाइमच्या एनटीएनयू ह्या युनिव्हर्सिटीमधे बेरियावर पाणी-प्रेमी सिलिकाचे बरेच कोअरफ्लड झालेत, त्यात कमी परमिअॅबिलिटीच्या (ज्यातून द्रव सहज वाहत नाही अशा) दगडात कॉन्सन्ट्रेशन वाढवलं की फायदा होण्याऐवजी कोअर तुंबायला लागतो असं दिसलं. तर प्रयोगात डिफरन्शियल प्रेशर (कोअरच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक) सतत रेकॉर्ड कर. नॅनोफ्लुइड चालू केल्यावर प्रेशर थोडं चढून स्थिरावलं तर ठीक, चढतच राहिलं तर तुंबतंय. नंतर साधं ब्राइन सोडून परमिअॅबिलिटी परत मोज. आणि प्रयोग संपल्यावर कोअर होल्डरमधून काढून त्याचं इनलेट तोंड निरखून बघ, तिथे पांढरा लेप बसलेला असेल तर आत गेलेले कण तू समजतेस त्यापेक्षा फारच कमी आहेत.

अजून एक, ही गोष्ट पेपरमधे फारशी कुणी लिहीत नाही म्हणून इथे सविस्तर लिहितो. तुझ्या दीड इंची, ३ इंच लांब कोअरचं एकूण आकारमान साधारण ८७ सीसी. पोरॉसिटी (छिद्रांचा वाटा) २० टक्के धर, पोअर व्हॉल्यूम (छिद्रांचं आकारमान) १७ सीसी. त्यात तेल ७० टक्के, म्हणजे १२ सीसी. मग मूळ तेलाचा १ टक्का म्हणजे फक्त ०.१२ सीसी! आउटलेटच्या नळ्यांमधे आणि व्हॉल्व्हमधे एखाद-दोन सीसी सहज मावतं. त्यात अडकलेलं तेल जर नॅनोफ्लुइडच्या वेळेला बाहेर आलं तर तू १० टक्के रिकव्हरी वाढली असं लिहून मोकळी होशील आणि ते तेल दगडातलं नसेलच. मोजनळीत मेनिस्कस वाचताना ०.१ इकडे तिकडे झालं तरी जवळजवळ एक टक्का गेला. म्हणून डेड व्हॉल्यूम (नळ्या-व्हॉल्व्हमधली ही जागा) आधी मोज, जमलं तर लांब कोअर घे, आणि प्रत्येक रन पुन्हा कर. एकाच रनवर पाच टक्क्यांचा दावा करणाऱ्या पेपरवर मी विश्वास ठेवत नाही.

---

विहिरीवरचा :

मी फील्डवर काम करतो, पेपरबिपर नाही लिहित, पण मोठ्या फील्डमधे हे का नाही ह्याचं उत्तर मला माहिती असलेल्या बाजूने देतो, बाकी लोक सांगतीलच.

एक हिशोब करू. १ किलोमीटर लांब, १ किलोमीटर रुंद, १० मीटर जाडीचा थर, पोरॉसिटी २० टक्के. हा काही मोठा रिझर्व्हॉयर नाही, एक छोटा तुकडा आहे. पोअर व्हॉल्यूम २० लाख घनमीटर. त्याच्या ३० टक्के स्लग (एका हप्त्यात सोडायचं द्रावण) सोडायचा म्हणजे ६ लाख घनमीटर नॅनोफ्लुइड, ०.०५ टक्क्याने घनमीटरला अर्धा किलो कण, एकूण ३०० टन. तीनशे टन आणता येतील, त्यात अशक्य काही नाही. आता दगड बघा. तेवढ्या तुकड्यात दगडाचं वजन २ कोटी टनांच्या वर जातं. दर ग्रॅम दगडाने फक्त ०.१ मिलिग्रॅम कण धरून ठेवले, आणि हे प्रमाण मी कमीच धरतोय, तरी सगळा दगड मिळून २,००० टनांपेक्षा जास्त कण खाणार. तुम्ही पाठवले ३००. म्हणजे सातवा हिस्सा दगड ओलांडायच्या आतच कण संपले आणि पुढे गेलं ते साधं पाणी. कोअरमधे ३ इंच जायचं असतं, तिथे तुम्ही चार-पाच पोअर व्हॉल्यूम सोडता त्यामुळे हे दिसत नाही. विहिरीपासून विहिरीपर्यंत काही शे मीटर जायचं असतं तिथे सगळा खेळ ह्या एका आकड्यावर आहे.

म्हणूनच जिथे जिथे नॅनो खरंच वापरलं गेलंय ते बहुतेक विहिरीच्या जवळपास. हाच हिशोब विहिरीभोवती ३ मीटर त्रिज्येपुरता करा, जाडी तीच, दगड ६०० टन, तो खाणार ६० किलो. एवढं सहज पाठवता येतं. कोलंबियात कास्तिया आणि चिचिमेने ह्या जड तेलाच्या फील्डमधे असंच केलंय, नॅनोफ्लुइड विहिरीत सोडायचं, भिजत ठेवायचं, मग विहीर परत चालू करायची. अॅस्फाल्टीन बसून विहिरीजवळचा दगड ऑइल-वेट झालेला असतो, तेल यायची वाट अरुंद झालेली असते, कण अॅस्फाल्टीनला धरतात आणि वाट मोकळी होते. अमेरिकेत पर्मियन बेसिनमधेही कोलॉइडल सिलिका गॅसबरोबर जुन्या विहिरींमधे सोडून, थांबून, परत प्रोड्यूस करतात, निसान केमिकलचं त्यासाठी तयार प्रॉडक्टच आहे.

कण लांब न्यायचे असतील तर ते दगडाला न चिकटणारेच लागतात. सौदी आरामकोने २०१०-११ च्या सुमाराला घवार फील्डमधे अरब-डी थरात चमकणारे कार्बनचे १० नॅनोमीटरच्या आतबाहेरचे कण सोडले आणि परत उपसले, बहुतांश कण परत आले. पण ते कण तेल काढायला नव्हते, ट्रेसर (पाणी कुठून कसं जातं ते कळायच्या खुणा) होते. तेल काढायचं तर कण भिंतीवर किंवा तेल-पाण्याच्या सीमेवर बसायला हवेत आणि लांब जायचं तर कुठेच बसायला नकोत. ही खरी अडचण आहे, आणि ती कणाच्या रचनेतूनच सुटेल असं मला वाटतं.

आणि वर जमिनीवर काय होतं तेही बघा. इंटरफेसवर (तेल-पाण्याच्या सीमेवर) बसलेले कण इमल्शन (एकमेकांत मिसळून राहिलेलं तेल-पाणी) फार घट्ट करतात. विहिरीतून आलेलं इमल्शन सेपरेटरमधे सुटलं पाहिजे नाहीतर अख्खा प्लांट अडतो, नेहमीचा डिमल्सिफायर (इमल्शन फोडणारं रसायन) कणांनी धरलेल्या इमल्शनवर नीट चालेलच असं नाही. प्रोजेक्टमधे बाहेर आलेल्या तेल-पाण्याची बाटली टेस्ट करून किती वेळात सुटतं एवढं जरी लिहिलंस तरी फील्डवाले तुझा रिपोर्ट आवडीने वाचतील.

---

पातळ_पापुद्रा :

इथे सगळे सिलिकाच धरून बसलेत म्हणून लिहितो. २०१६ मधे ह्युस्टन युनिव्हर्सिटीच्या ग्रुपने पीएनएएस ह्या जर्नलमधे ग्राफीनच्या जेनस नॅनोशीट दाखवल्यात, एक बाजू पाणी-प्रेमी एक बाजू तेल-प्रेमी, फक्त ०.०१ टक्के वापरून १५.२ टक्के जास्तीचं तेल आणि तेही मिठाच्या पाण्यात. ह्या शीट तेल-पाण्याच्या सीमेवर जाऊन बसतात आणि तिथे पापुद्र्यासारखी लवचिक फिल्म तयार होते, ती तेल पुढे ढकलते. म्हणजे टेन्शन हजारो पट खाली आणलंच पाहिजे हा नियम इथे लागू होत नाही. कॅपिलरी नंबरच्या गणितात न बसणारं काही घडू शकतं हे तरी माना.

---

कोलॉइडवाली :

मानते आणि तो पेपर मलाही मनापासून आवडतो. सीमेवर बसलेला कण हलवणं किती कठीण असतं ते बघा, १० नॅनोमीटर त्रिज्येचा कण, टेन्शन २५, कॉन्टॅक्ट अँगल ९० डिग्री, तर त्याला सीमेवरून उपटून काढायला जवळपास १,९०० केटी (एक केटी म्हणजे रेणूच्या उष्णतेच्या हालचालीएवढी ऊर्जा) एवढी ऊर्जा लागते. सर्फॅक्टंटचा रेणू सतत येत-जात राहतो, कण एकदा बसला की बसला. म्हणून फिल्म घट्ट होते, आणि म्हणूनच फोममधे नॅनोपार्टिकल मला सगळ्यात आशादायक वाटतात. सीओटू फ्लडमधे गॅस पातळ असल्यामुळे वरच्या वर आणि भेगांतून पळतो, त्याचा फोम केला तर तो घट्ट होऊन सगळीकडे पसरतो, पण सर्फॅक्टंटचा फोम तापमानाला आणि तेल लागलं की फुटतो. सिलिकाचे कण बुडबुड्यांच्या भिंतीत बसले की फोम जास्त टिकतो. तिथे कणांकडून आपण एकट्याने तेल सोडवायची अपेक्षा करत नाही, गॅसला वळण लावायची करतो, ते त्यांना झेपणारं काम आहे. पॉलिमरचंही तसंच, एचपीएएम (पॉलिमर फ्लडिंगचं नेहमीचं पॉलिमर) गरम आणि कॅल्शियमवाल्या पाण्यात विस्कॉसिटी गमावतो, सिलिकाबरोबर ती थोडी जास्त टिकते असे बरेच रिझल्ट आहेत.

पण नॅनोशीट असोत की सिलिका, प्रश्न तोच, ३ इंचाच्या पुढे ३०० मीटर जातील का. कोअरमधले १५.२ टक्के ही सुरुवात आहे, फील्डचा आकडा म्हणून तो वापरू नका.

सच्छिद्र, मुख्य गोष्ट राहिली होती. तू ब्लँक रन (कणांशिवाय तोच प्रयोग) धरलेलाच नाहीयेस. तयार मिळणारं कोलॉइडल सिलिका बहुतेक वेळा सोडियमने स्थिर केलेलं असतं, पीएच ९ ते १०. एवढं अल्कली क्रूडमधल्या अॅसिडशी रिअॅक्शन करून जागच्या जागी साबण बनवतं आणि तो साबण टेन्शन पाडतो, हा तर अल्कली फ्लडिंगचा जुना धंदा आहे, त्यात नॅनोचं काही नाही. काही जण कण टिकावेत म्हणून त्यात सर्फॅक्टंट किंवा पीव्हीपी (एक पॉलिमर) घालतात, आणि मग सगळं श्रेय कणांना देतात. म्हणून कण सेंट्रिफ्यूजने काढून टाक आणि उरलेलं पाणी, तोच पीएच, तेच क्षार, तेच अॅडिटिव्ह, तसंच्या तसं दुसऱ्या एज केलेल्या कोअरमधून सोड. त्यानेही तेवढंच तेल निघालं तर कणांनी काही केलं नाही. कमी निघालं तर जो फरक उरला तोच तुझा रिझल्ट, मग तो २ टक्के का असेना. मला असा २ टक्क्यांचा रिपोर्ट १५ टक्क्यांच्या दहा रिपोर्टपेक्षा जास्त मोलाचा वाटेल.

---

सच्छिद्र :

प्लॅन बदललाय. कार्बोनेटचा कोअर, खरं क्रूड, एजिंग, अॅमॉट टेस्ट, पॉलिमर चढवलेलं सिलिका, आणि प्रत्येक रनला कणांशिवायचा ब्लँक. वेळ फार जाणार आहे एजिंगमुळे, त्यामुळे रन कमी होतील पण गाईड तयार झाले. विहिरीवरचे दादा, तुमचा २,००० टनांचा हिशोब मी त्यांना फळ्यावर करून दाखवला आणि आता प्रोजेक्टचं नावच बदलतंय, जास्तीचं तेल किती ह्याऐवजी कण दगडात किती थांबतात ह्यावर भर द्यायचा ठरलंय. ते मोजायचं कसं तेवढं सांगा, बाहेर आलेल्या पाण्यात सिलिका किती आहे हे आमच्याकडे मॉलिब्डेटच्या रंगाने मोजतात, ते चालेल का?

---

कोलॉइडवाली :

थेट नाही चालणार. मॉलिब्डेट विरघळलेल्या सिलिकाशी रंग देतं, कणाच्या आतल्या सिलिकापर्यंत ते पोचत नाही, त्यामुळे कण असूनही आकडा कमी येईल आणि तुला वाटेल सगळे दगडातच थांबले. आधी सॅम्पल अल्कलीत गरम करून कण विरघळवून घ्यायचे आणि मग रंग बघायचा, किंवा सरळ आयसीपीवर (मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर) सिलिकॉन मोजायचं. कार्बोनेट कोअर घेतलास हे ह्यासाठीही बरं झालं, सॅंडस्टोन असता तर दगडाचंच सिलिका थोडं थोडं विरघळून मधे आलं असतं. तरी ब्लँक रनच्या पाण्यातलं सिलिकॉन मोजून ते वजा करच.

आणि नॅनोफ्लुइडमधे थोडं आयोडाइड घाल, म्हणजे ते ट्रेसरसारखं दगडाला न चिकटता पार जाईल. बाहेर येणारं पाणी थोडं थोडं वेगळ्या ट्यूबमधे घे, प्रत्येक ट्यूबमधलं आयोडाइड आणि सिलिकॉन मोज, दोन्ही पोअर व्हॉल्यूमच्या एकाच ग्राफवर काढ. सिलिकॉनची रेघ आयोडाइडच्या मागून येईल. मागे पडलेलं अंतर आणि दोन रेघांमधलं क्षेत्रफळ ह्यावरून कोअरने किती कण धरले ते मिळेल, मग मागून साधं ब्राइन सोड आणि त्यातले किती सुटून बाहेर येतात तेही त्याच ग्राफवर पुढे काढत जा. तो आकडा दर ग्रॅम दगडाला किती मिलिग्रॅम असा लिही आणि वरच्या हिशोबातल्या ०.१ च्या जागी ठेव.